उपनगरांतील रात्रीचा बाजार

घाटकोपर स्थानकाच्या पूर्वेस वल्लभबाग लेन नांवाची एक गल्ली आहे. दुपारीं तेथून जाणाऱ्या परक्या माणसाला ती इतर गल्ल्यांहून वेगळी वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. दोन्ही बाजूंस राहत्या इमारती, खालीं दुकानें, कडेला उभ्या केलेल्या मोटारी. दिवेलागण झाली कीं मात्र तिचें रूप पालटूं लागतें. एका हातगाडीवर भला थोरला लोखंडी तवा चढतो, दुसरीवर पाणीपुरीचें मडकें मांडलें जातें, तिसरीवर बर्फाची लादी आणि रंगीत सरबतांच्या बाटल्या. घटकाभरांत लोणी, लसूण आणि कोथिंबीर यांचा मिसळलेला वास सगळ्या गल्लींत पसरतो, आणि आठ वाजतां तेथें पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. लोक तिला खाऊगल्ली म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत अशा खाऊगल्ल्या ठिकठिकाणीं आहेत. अंधेरींत आहेत, बोरिवलींत आहेत, मुलुंडांत आहेत.

अलीकडे या गल्ल्या दाखविण्यासाठीं वाटाडेही मिळूं लागले आहेत. परगांवचे आणि परदेशचे पाहुणे संध्याकाळीं स्थानकाबाहेर जमतात, आणि त्याच भागांत वाढलेला एखादा तरुण त्यांना तीनचार तासांत आठदहा पदार्थ चाखवीत हिंडवितो. हा वाटाड्या नुसतें खाऊं घालीत नाहीं. तो इतिहासही सांगतो. पाव हा पायांनीं तुडवून मळीत म्हणून त्याला पाव म्हणतात. पावभाजी ही अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें जन्मास आली. वडापाव गिरण्यांच्या संपामुळें घरोघर पोंचला. पाहुणे मान डोलवितात, छायाचित्रें घेतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात.

यांतील कांहीं खरें, कांहीं अर्धें खरें, आणि कांहीं निव्वळ रचलेलें असतें. तें निवडून पाहणें हा फावल्या वेळचा उद्योग म्हणून सोडून देतां आला असता. परंतु २०१४ सालीं संसदेनें फेरीवाल्यांच्या उपजीविकेसंबंधीं जो कायदा केला, त्यांत एक लक्षांत ठेवण्याजोगी तरतूद आहे. ज्या नैसर्गिक बाजारांत फेरीवाले पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करीत आले असतील, तो बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील फेरीवाल्यांना दुसरीकडे हलवूं नये, असें त्यांत म्हटलें आहे. राजवाड्यांना आणि देवळांना मिळणारा 'वारसा' हा शब्द कायद्यानें येथें तव्यापाशीं आणून ठेविला आहे. तेव्हां गल्लीचें वय किती, हा प्रश्न आतां केवळ विद्वानांचा राहिलेला नाहीं. कित्येक कुटुंबांच्या अन्नाचा तो प्रश्न आहे.

अडचण एवढीच कीं, राजवाडा पडला तरी त्याचे चिरे उरतात, देवळाला शिलालेख असतो. रात्रीच्या बाजाराचें सकाळीं काय उरतें? रस्त्यावर चारदोन तेलकट डाग, आणि तेही पहांटे झाडूवाल्याच्या हातून नाहींसे होतात. अशा बाजाराचा इतिहास शोधावयाचा तर तो पदार्थांच्या नांवांत, आगगाडीच्या वेळापत्रकांत आणि कायद्याच्या कलमांत शोधावा लागतो.

वाटाड्याच्या पहिल्या गोष्टीपासून आरंभ करावा. पाव या शब्दाचा पायांशीं कांहीं संबंध नाहीं. पोर्तुगीज भाषेंत भट्टींत भाजलेल्या रोटीला जो शब्द आहे, त्याचेंच हें मराठी रूप होय. १५३४ च्या तहानें गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसई आणि तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि त्यांतच साष्टीचें बेट गेलें. आज ज्यांना आपण उपनगरें म्हणतों तीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं सर्व या साष्टी बेटावरचीं खेडीं होतीं. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेईपर्यंत येथें दोनशें वर्षें पोर्तुगीज अंमल चालला. पुढें १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बळकावली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडेच राहिली. तीन राज्यें आलीं आणि गेलीं, पण पाव राहिला. पावाबरोबर बटाटाही राहिला. हाही शब्द पोर्तुगीजच. मिरची आपल्याला इतकी घरची वाटते कीं ती परकी आहे हें सांगूनही पटत नाहीं, तथापि तीही अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली. वडापावांतला पाव, बटाटा आणि मिरची समुद्रापलीकडची; हरभऱ्याचें पीठ, हळद, लसूण आणि तेल मात्र आपलें. ज्या पदार्थाला आज अस्सल मुंबईचा म्हणून मिरवितात, त्याचा निम्मा ऐवज असा दूरदेशचा आहे.

वसईकडे एक आख्यायिका आहे. पोर्तुगीज अमदानींत गांवच्या विहिरींत पावाचा तुकडा पडला, आणि नकळत तें पाणी लोक प्याले, कीं सारें गांव बाटलें असें मानीत. आख्यायिकेंतील घटना कोणत्या विहिरीची हें महत्त्वाचें नाहीं. पावाकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेनें पाहत होता हें तिच्यावरून कळतें. पावाची ती नजर निवळण्यास पिढ्या लागल्या. वल्लभबाग लेनमध्यें आज 'जैन पावभाजी' अशी पाटी दिसते. तींत कांदा, लसूण आणि बटाटा यांतलें कांहीं नसतें, बटाट्याच्या जागीं कच्चें केळें कुसकरून घालतात. म्हणजे भाजी पूर्णपणें सोंवळी, आणि तिच्याबरोबरचा पाव तेवढा तोच. विहिरीच्या गोष्टीपासून या पाटीपर्यंतचा प्रवास वाटाड्यानें पाहुण्यांना सांगितला, तर पायांनीं मळण्याच्या गोष्टीपेक्षां तो खचित अधिक रंजक ठरेल.

पण नुसते पदार्थ आले म्हणजे बाजार होत नाहीं. साष्टींत भातशेतें होतीं, मिठागरें होतीं, ताडामाडांचीं बनें होतीं, आणि माणसें सूर्यास्ताबरोबर जेवून निजत. रात्रीचा बाजार भरावयास रात्रीं घराबाहेर असणारी माणसें लागतात, त्यांच्या खिशांत रोकड लागते आणि रस्त्यावर उजेड लागतो. या तिन्ही गोष्टी साष्टींत आणल्या त्या आगगाडीनें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती घाटकोपर, भांडुप, मुलुंड यांच्या शिवारांतून. मुंबईच्या सरकारचा मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हा १८४३ सालीं भांडुपास आला असतां त्याला हा लोहमार्ग सुचला, असें रेल्वेच्या इतिहासांत सांगतात. पश्चिमेकडील मार्ग नंतरचा. त्यावर १८६७ च्या १२ एप्रिलपासून विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. ती सकाळीं पावणेसातला विरारहून निघे, आणि संध्याकाळीं साडेपांचला बॅकबेहून परत फिरे. या एका ओळीच्या वेळापत्रकांत उपनगरांचें सारें पुढचें आयुष्य सांठविलेलें आहे. सकाळीं जावयाचें, रात्रीं यावयाचें. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली आणि दाट वस्तींतले लोक मोकळ्या हवेसाठीं साष्टीकडे पाहूं लागले. १९२० सालीं मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा झाला. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी धांवली, आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. बोरिवलीच्या माणसाला फोर्टांतली नोकरी साधण्याजोगी झाली ती तेव्हांपासून.

आतां या नोकरदाराच्या पोटाचा विचार करावा. त्याच्या दुपारच्या जेवणाची सोय मुंबईनें फार पूर्वींच लावली होती. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याचा जो धंदा सुरू केला, त्यामुळें घरचें जेवण दुपारीं कचेरींत मिळूं लागलें, आणि त्या व्यवस्थेचें कौतुक जगभर झालें. परंतु डबा दुपारचा. रिकामा होऊन तो मालकाच्या आधींच घरीं परत जाई. मालक कचेरींतून सहाला सुटे, तासदीड तास गाडींत उभा राही, आणि साडेसात-आठला उपनगरच्या स्थानकावर उतरे. दुपारचें जेवण जिरून गेलेलें, रात्रीच्या जेवणाला अजून तासभर अवकाश, आणि घर अजून वीस मिनिटांच्या वाटेवर. या घटकेची भूक भागविण्यास कोणतीही संस्था निघाली नाहीं. ती भागविली स्थानकाबाहेर कढई ठेवून बसलेल्या माणसानें. डबेवाल्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. या कढईवाल्याचा कोणी लिहिला नाहीं. वास्तविक दोघांनीं मिळून एकाच माणसाला पोसलें आहे.

भुकेइतकेंच दुसरें कारण जागेचें. ज्या घरांत एकाच खोलींत आजी पडलेली आहे, मुलें अभ्यासाला बसलेलीं आहेत आणि चूल चालू आहे, तेथें मित्राला कोठें बसवावयाचें? चाळींतल्या आणि दोन खोल्यांच्या संसाराला ओटी नव्हती, अंगण नव्हतें. ती ओटी आणि तें अंगण त्यांना गाडीपाशीं मिळालें. तेथें चार आण्यांत, पुढें चार रुपयांत, आणि आतां वीसतीस रुपयांत, अर्धा तास उभें राहून बोलतां येतें. खाऊगल्लींत लोक जिभेच्या चोचल्यांसाठीं जातात असें म्हणणें सोपें आहे. पण तेथील माणसांकडे लक्ष दिलें तर खाण्यापेक्षां बोलण्यांत त्यांचा वेळ अधिक जातो.

रात्रीचा बाजार म्हणजे केवळ खाण्याच्या गाड्या, असेंही समजूं नये. स्थानकाच्या जिन्याखालीं भाजीवाल्या बसतात. त्यांचा खरा धंदा संध्याकाळीं सहा ते नऊ. स्त्रिया नोकरीसाठीं शहरांत जाऊं लागल्या तेव्हां सकाळच्या मंडईचा त्यांना उपयोग उरला नाहीं. मेथीची जुडी, पावशेर मटार, निवडलेल्या शेंगा या गोष्टी त्यांना उतरतां उतरतां हव्या असत. कित्येकजणी तर शहरांतच भाजी घेत आणि बायकांच्या डब्यांत मांडीवर पिशवी ठेवून ती निवडीत. गाडी घाटकोपरास लागेपर्यंत रात्रीच्या भाजीची निम्मी तयारी झालेली असे. वाटाड्या पाहुण्यांना या भाजीवालीपाशीं थांबवीत नाहीं, कारण तिच्याजवळ चाखावयास कांहीं नसतें. पण रात्रीच्या बाजाराची तीच जुनी मालकीण आहे.

पावभाजीची गोष्ट आतां तपासूं. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हें सर्व खरें. वाटाडे पुढें सांगतात कीं, परदेशचे भाव रात्रीं तारेनें येत, त्यासाठीं व्यापारी रात्रभर बाजारांत जागत, आणि त्यांच्यासाठीं उरल्यासुरल्या भाज्या कुसकरून पावभाजी निघाली. येथें गोष्ट लंगडी पडते. इराणच्या आखातांतून विलायतेशीं तारेचा मार्ग जोडला गेला तो १८६५ च्या आरंभीं, आणि समुद्रांतून थेट मुंबईस तार पोंचली १८७० सालीं. तार लागली तेव्हां युद्ध संपावयास आलें होतें. विसाव्या शतकांत न्यूयॉर्कच्या कापसाच्या आंकड्यांवर मुंबईंत जो जुगार चाले, त्याच्या रात्रीच्या जागरणांची आठवण मागें ढकलली जाऊन ही कथा बनली असावी, हें अधिक संभवनीय दिसतें. गिरणीकामगाराला थोड्या वेळांत पोटभर आणि गरम खाणें हवें होतें, हें पावभाजीच्या जन्माचें साधें कारण पुरेसें आहे. त्याला अमेरिकेच्या युद्धाची गरज नाहीं.

वडापावाची हकीकत मात्र बरीचशी स्पष्ट आहे. बटाटेवडा जुनाच. तो पावांत घालून देण्याचा प्रघात १९६६ सालीं दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनीं पाडला, असें सामान्यतः मानलें जातें. पुन्हां स्थानकच, हें लक्षांत घ्यावें. हातांत धरून, उभ्यानें, ताटलीवांचून, गाडी पकडतां पकडतां खातां येईल असा हा पदार्थ. स्थानकानेंच तो घडविला म्हटलें तरी चालेल. पुढें मराठी तरुणांनीं वडापावच्या गाड्या लावाव्या म्हणून राजकीय पाठिंबाही मिळाला. आणि मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. त्या दिवशीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार उतरले. संप अधिकृतपणें मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरून गेला, आणि त्याबरोबर नोकऱ्याही विरल्या. ज्यांना गांवीं परततां आलें नाहीं त्यांतील कित्येकांनीं रस्त्याच्या कडेला शेगडी मांडली. संपाचें नेतृत्व करणारे डॉक्टर दत्ता सामंत हे मूळचे घाटकोपरच्या पंतनगरांत दवाखाना चालविणारे वैद्य. तेथील खाणकामगारांच्या दुखण्यांवर औषध देतां देतां ते कामगार चळवळींत ओढले गेले. वल्लभबाग लेनकडे जाणाऱ्या पाहुण्यांना हें घाटकोपर सहसा कोणी दाखवीत नाहीं.

उपनगरांतही कारखाने थोडे नव्हते. आग्रा रोड, ज्याला पुढें लाल बहादूर शास्त्री मार्ग हें नांव मिळालें, त्याच्या कडेनें कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग लागली होती. पार्ल्यास १९२९ सालीं गोळ्या-बिस्किटांचा प्रसिद्ध कारखाना निघाला. तो २०१६ सालीं बंद होईपर्यंत गाडी पार्ल्यास शिरली कीं डोळे मिटूनही स्थानक ओळखतां येई. अंधेरीच्या पूर्वेस औद्योगिक वसाहत झाली, आणि १९७३ सालीं निर्यातीच्या मालासाठीं सीप्झची स्थापना झाली. कारखाना म्हणजे तीन पाळ्या. रात्रीं अकराला सुटणारा आणि अकराला आंत जाणारा, दोघेही फाटकाबाहेरच्या चहावाल्याचे गिऱ्हाईक. आग्रा रोडवरचे बहुतेक मोठे कारखाने आतां गेले, त्यांच्या जागीं मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत. परंतु फाटक गेलें तरी फाटकापाशीं जमण्याची संवय कांहीं ठिकाणीं राहिली आहे. आतां तेथें रात्रपाळी करणारे संगणकावरचे कारकून आणि दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचविणारे तरुण दिसतात.

घाटकोपरची चव गुजराती आणि कच्छी वस्तीनें ठरविली. दाबेली ही कच्छच्या मांडवीची. मुलुंडासही तीच वस्ती मोठी. शिवाय फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत तेथें झाली, आणि त्यांच्याबरोबर डाळ-पकवान आलें. डोसा हा मूळ उडुप्यांच्या उपाहारगृहांतला. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं जी खानावळ काढली तिच्या परंपरेंतला माणूस आजच्या घाटकोपरचा डोसा पाहील, तर बहुधा खुर्ची धरून खालीं बसेल. त्यावर लोणी, चीज, शेझवान चटणी आणि भाज्यांचा कीस असा थर चढतो, कीं आंतला डोसा शोधून काढावा लागतो. या मिश्रणावर नाक मुरडण्याची पुष्कळांना हौस असते. पण बटाटा, मिरची आणि पाव ज्यांनीं पचविले त्यांना शेझवान चटणी काय जड आहे!

८ जून २०१४ पासून घाटकोपर आणि अंधेरी हीं मेट्रोनें जोडलीं गेलीं. साष्टीचें पूर्व अंग आणि पश्चिम अंग जोडण्याचा प्रयत्न एकदां पूर्वींही झाला होता. अंधेरी ते तुर्भे अशी एक रेल्वे १९२८ सालीं निघाली, पण ती १९३४ सालींच बंद पडली. मेट्रो मात्र चालली, आणि वाटाडे आतां पाहुण्यांना एकाच रात्रींत दोन्हींकडची चव दाखवूं शकतात. त्याच वर्षीं, मेट्रोच्या महिनाभर आधीं, म्हणजे १ मे २०१४ पासून, फेरीवाल्यांचा उपर्युक्त कायदा अंमलांत आला.

या कायद्याचें मोल कळावयास त्याआधींची स्थिति पाहिली पाहिजे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. अंधेरी, घाटकोपर हा भाग १९५० सालीं महानगरपालिकेच्या हद्दींत आला, बोरिवली आणि मुलुंड १९५७ सालीं. हद्दीबरोबर परवान्याचा नियमही आला. परवान्यावांचून रस्त्यावर माल विकणाऱ्याचा माल पूर्वसूचनेशिवाय उचलण्याचा अधिकार त्या कायद्यांत आहे. पुढें १९७८ पासून नवे परवाने देणेंच बंद झालें. वस्ती वाढत होती, गाड्या वाढत होत्या, गिऱ्हाईक वाढत होतें; परवाना तेवढा गोठला. त्यानंतर गाडी लावणारा प्रत्येकजण, तो कितीही स्वच्छ आणि प्रामाणिक असला तरी, कायद्याच्या दृष्टीनें अपराधीच ठरला. १९९८ च्या एका पाहणींत मुंबईंत एक लाखाहून अधिक फेरीवाले मोजले गेले. इतकी माणसें एकाच अपराधांत सांपडतात, तेव्हां दोष माणसांत शोधावा कीं नियमांत, हें सांगावयास नको.

१९८५ सालीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. मुख्य न्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानें सांगितलें कीं, रस्ता हा मुख्यतः येण्याजाण्यासाठीं आहे, मन मानेल तेथें बसण्याचा हक्क कोणास नाहीं. परंतु फेरीवाल्यांसाठीं जागा आंखून द्याव्या. १९८९ सालीं दिल्लीच्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें रस्त्यावर विक्री करणें हा, योग्य निर्बंधांच्या अधीन राहून, घटनेनें दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग मानला. दरम्यान मुंबईंत एक चमत्कारिक प्रथा पडली. अनधिकृत फेरीवाल्यांकडून जागेचा आणि कचरा उचलण्याचा आकार म्हणून रोज कांहीं रुपये घेऊन पावती दिली जाई. एका हातानें पावती आणि दुसऱ्या हातानें माल उचलणारी गाडी! ती प्रथा पुढें बंद झाली. पण ज्या सुज्ञ फेरीवाल्यांनीं त्या पावत्या ट्रंकेंत जपून ठेविल्या, त्यांच्या हातीं आपल्या अस्तित्वाचा कागद राहिला.

रहिवाशांची बाजूही येथें मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाहीं. खाऊगल्लीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला रात्रीं बारापर्यंत धूर आणि गोंगाट सोसावा लागतो. आजारी माणसाला न्यावयास आलेली गाडी गर्दींत अडकते. सकाळीं उष्टीं पानें आणि कागदी ताटल्या दारांत पडलेल्या असतात. तोच रहिवासी रविवारीं मुलांना घेऊन खालच्याच गाडीवर जातो, हेंही तितकेंच खरें. पण तेवढ्यानें त्याची तक्रार रद्द होत नाहीं. आंखून दिलेल्या जागा, पाणी, कचऱ्याची सोय आणि ठरलेली वेळ एवढें झालें असतें, तर हें भांडण बरेंच निवळलें असतें. कायद्यानें त्यासाठींच शहर फेरीवाला समिति सांगितली आहे, आणि तिच्यांत फेरीवाल्यांचे निदान चाळीस टक्के प्रतिनिधि असावे असें ठरविलें आहे.

मग २०१७ सालीं २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसें दगावली. पूल अरुंद होता, पाऊस कोसळत होता, आणि माणसें थांबलेलीं होतीं. त्यानंतर सर्वांचें लक्ष स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांकडे वळलें. १ नोव्हेंबर २०१७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें स्थानकांपासून १५० मीटरांच्या आंत आणि शाळा, रुग्णालयें, प्रार्थनास्थळें यांच्यापासून १०० मीटरांच्या आंत फेरीवाल्यांना मनाई असल्याचा निकाल दिला. गर्दीच्या दृष्टीनें ही मनाई समजण्यासारखी आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें ती एक विलक्षण कोडें घालते. ज्या स्थानकानें हा बाजार जन्मास घातला, त्याच स्थानकाच्या दारांत त्याला उभें राहतां येत नाहीं. पन्नास वर्षांहून जुने बाजार कोठें असावयाचे? स्थानकांपाशींच. म्हणजे एका नियमानें जो पुरावा जुना, तोच दुसऱ्या नियमानें बेकायदा.

पन्नास वर्षें मागें मोजलें तर आपण परवाने गोठण्याच्या आधींच्या काळांत पोंचतों. त्या वेळच्या गाडीवाल्याचा मुलगा किंवा नातू आज तव्यापुढें उभा आहे. त्याच्याजवळ पुरावा म्हणून काय असूं शकेल? जुना परवाना असला तर उत्तम. नसला तर पावत्यांचा गठ्ठा, दंड भरल्याचा कागद, एखाद्या लग्नाच्या वरातीच्या छायाचित्रांत कोपऱ्यांत आलेली आपली हातगाडी. माल उचलून नेल्याबद्दलचा कागद हा तर सर्वांत विश्वासार्ह; त्यावर तारीख असते, जागेचें नांव असतें आणि सरकारी शिक्का असतो. ज्या कारवाईनें आजोबांचा तवा नेला, तिचाच कागद नातवाच्या जागेचा दाखला ठरूं शकतो.

आणि ज्यांच्याजवळ यांतलें कांहींच नाहीं त्यांच्यासाठीं गिऱ्हाईकांची आठवण आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथें साठी-सत्तरी ओलांडलेलीं माणसें अजून आहेत, ज्यांनीं कॉलेजांत असतांना त्याच कोपऱ्यावर भेळ खाल्ली. कोणत्या सालीं, कोणाकडे, किती पैशांना, हें त्यांना सांगतां येईल; त्यांनीं तें लिहून ठेवण्याजोगें आहे. वाटाड्यानें पुढच्या खेपेस पाहुण्यांना घेऊन गल्लींत शिरण्याआधीं अशा एखाद्या आजोबांना सोबत घेतलें, तर गोष्टीही अधिक खऱ्या होतील आणि सालेंही नीट लागतील. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची गाडी रात्रीं एकच्या सुमारास सुटते. ती पोंचेपर्यंत स्थानकाबाहेर सायकलीवरचा चहावाला उभा असतो. त्याच्या नांवावर अजून कोणताच कागद नाहीं.